सुट्टीचा तक्ता

रायफल कंपनीत सव्वाशेच्या आसपास माणसं. प्रत्येकाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक सुट्टी आणि ३० दिवसांची कॅज्युअल. कागदावर हिशेब सरळ आहे. पण पोस्ट ओस पाडून चालत नाही, एका वेळी ठरावीक माणसंच बाहेर सोडता येतात, आणि मराठा पलटणीत ज्याला त्याला गणपतीतच घरी जायचं असतं. हा गुंता सोडवायचा कंपनी हवालदार मेजरने, म्हणजे सीएचएमने. ते काम मी केलं. सही कंपनी कमांडर साहेबांची, तक्ता सीएचएमचा. हत्यारांचे कोर्स असतात, ड्रिलचे असतात. सुट्टीचा तक्ता मांडायचा कोर्स मी कुठे पाहिला नाही.

डिसेंबर सरत आला की प्लाटून हवालदार आपापल्या पोरांच्या मागण्या घेऊन यायचे. आखीव कागदावर वर महिने, कडेला नावं, हातात पेन्सिल आणि शेजारी नव्या वर्षाचं कालनिर्णय. कालनिर्णयाशिवाय हे काम होतच नाही. गणपती कधी ऑगस्टात, कधी सप्टेंबरात. कोकणातल्या पोराला गणपती हवा, नाहीतर शिमगा. साताऱ्या-सांगलीच्या पोराला चैत्र-वैशाखातली गावची जत्रा. मराठवाड्यातला म्हणतो, पेरणीला पोहोचलो पाहिजे. बेळगाव-खानापूरकडच्यांचं तेच, फक्त तारखा वेगळ्या. आणि लग्नं सगळ्यांचीच मे महिन्यात.

सगळ्यांना सारखं वाटून टाकलं की न्याय झाला, असं नव्या सीएचएमला वाटतं. पण मागणी सारखी दिसली तरी गरज सारखी नसते. गणपतीसाठी दोघांनी हात वर केले, तर मी विचारायचो, घरी मूर्ती कोण आणणार? एकाचे तीन भाऊ गावातच. दुसऱ्याचे वडील गेलेले, घरात आई आणि बायको. मग वेगळं काही सांगावं लागत नसे. तिघा भावांचा धाकटा स्वतःच म्हणायचा, त्याला जाऊ द्या मेजरसाब, मी दिवाळी बघतो. जे राहायचे त्यांच्यासाठी पलटणीचा गणपती असायचाच. मंदिरात आरती, लंगरमध्ये मोदक, ढोल-लेझीम.

पहिलं मूल होणार असलं की जवान डॉक्टरने दिलेली तारीख घेऊन यायचा. मी सांगायचो, बाळंतपण माहेरी आहे ना? तिथे तिची आई आहे. तू त्या वेळी जाऊन दवाखान्याच्या व्हरांड्यात चहा पिणार. कॅज्युअल घे, तोंड बघून ये. मोठी सुट्टी ठेव ती बाळाला घेऊन सासरी येईल तेव्हाची. रात्री जागायला माणूस तेव्हा लागतो. ऐकताना चेहरे पडायचे. पुढे त्यातलेच काही जण हा सल्ला नव्या पोरांना द्यायला लागले.

एक नियम मी कसोशीने पाळला. एकाच तालुक्यातली दोन पोरं शक्यतो एकत्र सोडायची नाहीत. त्यांना एकत्रच जायचं असतं. झेलम एक्स्प्रेसमध्ये पुण्यापर्यंत दोन रात्री सोबत होते. पण आगेमागे सोडली, तर पहिला जाताना दुसऱ्याचं सामान घेऊन जातो, त्याच्या घरी तासभर बसतो आणि येताना शेंगदाण्याची चटणी, चकल्या, कंदी पेढे आणतो. खाण्याहून मोलाची त्याची साक्ष. आई फोनवर 'मी बरी आहे' म्हणते, त्यावर मुलाचा विश्वास बसत नाही. गाववाला येऊन सांगतो, 'तुझी आई पाणी शेंदत होती, मलाच ओरडली, वाळलास म्हणून.' त्या रात्री पोरगा संतरी ड्यूटीवर मन लावून उभा राहतो.

पुढच्या पोस्टवर तक्त्यात हवामानही येतं. काश्मीरमध्ये तंगधारच्या बाजूला असताना साधना पासवर बर्फ पडलं की रस्ता बंद. लीव्ह पार्टी पिशव्या बांधून बसलेली, आणि तिकडे घरी पाहुण्यांना आमंत्रणं गेलेली. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत मुहूर्त धरून बसलेल्याला मी आधीच डिसेंबरात खाली काढायचो.

आणि तक्ता कधीही पूर्ण भरायचा नाही. दर महिन्यात एक घर मोकळं. पूर्वी अडचणीची खबर तारेने यायची, बहुतेक वेळा 'फादर सिरीयस' एवढीच. त्यातली कुठली खरी, कुठली कापणीची, हे ओळखावं लागे. २०१३ साली तार बंद झाली. आता अडचण व्हिडिओ कॉलवर दिसते, गळतं छप्पर थेंबासकट. पत्राच्या काळात सासू-सुनेचं भांडण इथे पोहोचेपर्यंत तिकडे मिटलेलं असायचं. आता सातला ऐकलेलं भांडण डोक्यात घेऊन जवान दहाला पहाऱ्यावर जातो. म्हणून रोल कॉलला मी नावाबरोबर चेहराही बघायला लागलो. ज्याचा चेहरा उतरलेला, त्याला त्या रात्री एकटं उभं करायचं नाही, जोडीला जुना माणूस द्यायचा.

तरीही बहुतेक वेळा सीएचएमला 'नाही'च म्हणावं लागतं. त्याचीही रीत आहे. 'बघू', 'पुढे कधीतरी' असं बोलायचं नाही. नाही म्हणताना त्याच श्वासात तारीख द्यायची: मेमध्ये जमणार नाही, १२ जूनला तू निघशील. मग ती तारीख काही झालं तरी मोडायची नाही. त्या तारखेवर गावी साखरपुडा ठरतो, गवंडी सांगून ठेवला जातो, पोरीचे कान टोचायचे थांबतात. घर लांबणीला तयार असतं. टांगून ठेवलेलं मात्र त्याला सोसत नाही.

सीएचएमची स्वतःची सुट्टी शेवटी, कुणाला नको असलेल्या महिन्यात. माझ्या वाट्याला बहुधा फेब्रुवारी यायचा. आमच्या सौभाग्यवतींनी त्याचा त्रागा केला नाही, उपाय केला. होळीची पुरणपोळी, दिवाळीची करंजी, मुलांचे वाढदिवस, सगळं फेब्रुवारीत. गावात लोक हसायचे. ती म्हणायची, आमच्याकडे सण माणूस आला की असतो.

२०२२ पासून अग्निवीर आहेत. त्यांना वर्षाला ३० दिवसच. एकाच बराकीत एकाची सुट्टी लांब, एकाची आखूड. आताच्या सीएचएमचं काम माझ्यापेक्षा अवघड झालं आहे. तक्ता आता संगणकावर असतो म्हणतात. असू दे. कुणाच्या घरी मूर्ती आणायला माणूस नाही, हे संगणकाला कुणीतरी सांगावं लागतं. त्यासाठी सीएचएमने संध्याकाळी लंगरच्या रांगेत उभं राहून पोरांशी बोलत राहायचं.