कागद कमी आहे

आमची मुलगी शेगावला इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीत मलकापूरला गाडीतून उतरून एस. टी.ने मोताळ्याला आली, ती पाठीवर लॅपटॉप आणि डोक्यात एक खूळ घेऊन. कुणीतरी लिहून जगाला फुकट वाटलेला एक प्रोग्राम तिला 'डेबियन'साठी पॅक करायचा होता. पॅकिंग म्हटल्यावर मी सुतळी शोधून ठेवली.

डेबियन म्हणजे लिनक्सचं एक मोठं खटलं. २०२३ सालच्या आवृत्तीत ६४ हजारांवर पॅकेजेस होती! १९९३ साली इयान मर्डॉक नावाच्या गृहस्थाने हे सुरू केलं आणि नाव ठेवताना स्वतःच्या 'इयान'आधी मैत्रिणीचं 'डेब्रा' बसवलं. हे ऐकून सौ.ने माझ्याकडे पाहिलं. आमच्या पासबुकावर तिचं नाव चढायला अकरा वर्षं लागली, आणि मी बँकेत आहे.

रात्री नऊला मुलीने बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं : 'झेडलिब डॉट एच' ही फाइल नाही, सबब काम थांबवलं आहे.

"माझ्या लॅपटॉपवर तर झालं होतं!" ती म्हणाली. पण तिच्या लॅपटॉपवर वर्षभराचं सामान आधीच साठलेलं. खरी परीक्षा रिकाम्या खोलीत. तिथे नेहमीची मोजकी हत्यारं आणि तुम्ही लेखी मागितलेलं, तेवढंच मिळतं.

ही हेडर फाइल काय चीज आहे, ते तिने मला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा मीच तिला समजावलं. अगं, हे तर आमचं नमुना सहीचं कार्ड! कार्डात पैसे नसतात, पैसे तिजोरीत. पण कार्ड सापडेपर्यंत खातेदार समोर उभा असला तरी पैसे देता येत नाहीत. तसं खरं काम लायब्ररीत. हेडरमध्ये फक्त कोणतं काम कोणत्या नावाने, काय देऊन मागायचं, एवढीच नोंद. तयार प्रोग्राम वापरणाऱ्याला ती लागत नाही, बनवणाऱ्याला लागते. म्हणून डेबियनवाले ती वेगळ्या पुडक्यात ठेवतात आणि पुडक्याच्या नावाला 'डेव्ह' अशी शेपटी लावतात.

गंमत अशी, की यंत्र फाइलचं नाव सांगतं, पुडक्याचं नाही. 'झेडलिब डॉट एच' निघाली 'झेडलिब वन जी डेव्ह'मध्ये. 'ॲप्ट-फाइल' नावाच्या शिपायाने शोधून दिली. मुलीने ते नाव 'बिल्ड-डिपेन्ड्स'च्या यादीत लिहिलं, पुन्हा बटण दाबलं. आता 'एसक्यूलाइट थ्री डॉट एच' नाही. तीही लिहिली. मग 'कर्सेस डॉट एच' नाही. शिव्याशाप द्यायची वेळ आलीच होती. त्यांचीही फाइल निघाली!

"एकदम का नाही सांगत हा?" मुलगी वैतागली. "एक सापडली नाही की पुढचं वाचतच नाही!"

मी गप्प झालो.

धामणगाव बढ्याकडचा एक शेतकरी मोटार-पंपाच्या कर्जासाठी माझ्या काउंटरवर येत होता. पहिल्या खेपेला मी म्हटलं, सातबारा जुना आहे. दुसऱ्या खेपेला, आठ-अ कुठंय? तिसऱ्यांदा, नो ड्यूज पाहिजे. प्रत्येक वेळी बोललो ते नियमाने खरंच होतं. तो म्हणाला, "सायेब, एका दमात सारं सांगून टाका ना." मी म्हटलं, "नेक्स्ट!" हा किस्सा मी घरी हसत हसत सांगितला होता. त्या दिवशी सगळे हसलेही होते.

आता सौ. म्हणाली, "तुम्ही आणि हे यंत्र एकाच बॅचचे दिसता."

मुलगी शहाणी. तिने यंत्राचा नाद सोडला. प्रोग्रामच्या प्रत्येक फाइलच्या डोक्यावर काय काय मागितलं आहे, ते 'ग्रेप'ने वेचलं, सगळी पुडकी एकदाच यादीत लिहिली. दीड वाजता काम फत्ते झालं. ती झोपली. मी मात्र जागा.

सुट्ट्या संपल्यावर तो नो ड्यूज घेऊन आला. त्याची फाइल मी पहिल्यांदाच शेवटच्या पानापर्यंत वाचली. अजून दोन कागद कमी होते. दोन्ही पाठकोऱ्या कागदावर लिहिले, कुठे मिळतील तेही लिहिलं, आणि सवयीने खाली सही ठोकली.

त्याने कागद उलटसुलट पाहिला, घडी करून खिशात घातला.

"सायेब, पयल्याच दिशी हे लिहून द्याले काय झालतं?"

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ भाऊ, लाइन सरकू द्या!"