ढोलकपूरचा भीम

महाभारतातील भीमाचे आम्ही जुने भक्त. म्हणून २०१२ चा ‘छोटा भीम अँड द कर्स ऑफ दम्यान’ नातवासोबत दूरचित्रवाणीवर पाहावयास बसलो. शिवाय तो आमच्याच हैदराबादेतील ग्रीन गोल्ड अ‍ॅनिमेशनचा, तेव्हा थोडा ग्रामाभिमानही होताच! चित्रपट सेकंदाला चोवीस चित्रांनी हलतो म्हणतात. येथे काटकसर अशी की, पात्र बोलू लागले म्हणजे ओठ तेवढे हलतात. उरलेला देह तपासणीसाहेब वर्गात आल्यावर विद्यार्थी बसावा तसा स्तब्ध. हा भीम भूतकाळातही जाऊन येतो, परंतु व्यासांपर्यंत काही पोहोचत नाही. थकला की लाडू खावा, शक्ती हजर! भावांचा पत्ता नाही, कुंती नाही.

आम्ही जांभया देत होतो, नातू टाळ्या पिटीत होता. दुसरे दिवशी अफझलगंजातील राज्य मध्यवर्ती ग्रंथालयावरून जाताना त्याला खऱ्या भीमाची कथा ऐकविली. बकासुर, गाडाभर अन्न, जुंपलेले दोन रेडे, सारे रंगवून सांगितले. मूसीच्या पुलापर्यंत स्वारी गप्प होती. मग म्हणाली, “आजोबा, त्या गाड्यात लाडू किती होते?”