काचेपलीकडून

चि. सोनू,


काल फोनवर तू विचारलंस, कानात घालायचं यंत्र कोणतं घेऊ. आणि बोलता बोलता सांगून गेलीस की परवाच्या सेशनमध्ये तुझ्याकडे थेरपी शिकणाऱ्या त्या नव्या मुलीच्या कानात तू एकतर्फी काचेमागून चौदा वेळा बोललीस. चौदा! रात्रभर मला झोप नाही. यंत्र कुठलंही घे गं. चौदा वेळा का बोलावंसं वाटलं, ते सांग.

कानात आवाज आला की माणसाची नजर सुटते. माझ्याकडे शिकत होतीस तेव्हा तुझीही सुटायची. ती बाई मांडीवरची पिशवी चुरगाळत नवऱ्याबद्दल सांगत होती, आठवतंय? मी काचेमागून म्हणाले, "पिशवीबद्दल विचार." तू क्षणभर खिडकीकडे पाहिलंस आणि ती बोलायचीच थांबली. तिला वाटलं, तू कंटाळलीस. ती चूक माझी होती, मनातून जात नाही.

सूचना एका श्वासात मावली पाहिजे. "आईला विचार." "थांब." "मुलाला बोलू दे." बस. कारणमीमांसा नंतर, चहा घेताना. ब्राउलिओ मोन्ताल्वोचा १९७३ सालचा लेख तुला दोनदा वाचायला लावला होता, तो एवढ्यासाठीच: कधी हाक मारायची, शिकणाऱ्याला किती मोकळीक, हे सेशनच्या आधी बसून ठरवायचं असतं. तुम्ही ठरवलं होतंत का? मला नाही वाटत. जिवाचा प्रश्न निघाला तर मात्र कुजबुजत बसू नकोस, सरळ दार उघडून आत जा.

आणि खरं सांगू, मला ती काचच नको झाली आहे. नॉर्वेतल्या ट्रोम्सो गावी मार्च १९८५ मध्ये थेरपिस्ट टॉम आंदेर्सनच्या गटाने एका तरुण डॉक्टरला एका कुटुंबाच्या सेशनमधून तीनदा बाहेर बोलावून आशेचे प्रश्न शिकवून पाठवलं. तिन्ही वेळा आत गेल्यावर तो त्या घराच्या निराशेत पुन्हा ओढला गेला. शेवटी आंदेर्सनने घरच्यांनाच विचारलं, आमचं बोलणं ऐकाल का? मग दिवे आणि आवाज उलटे फिरवले. कुटुंब अंधारात बसून ऐकू लागलं, तज्ज्ञ उजेडात बोलू लागले. आपल्या माणसांच्या तोंडून लागट शब्द जातील, ही त्याला धास्ती होती. तसं झालं नाही. माणसं समोर ऐकत असली की जीभ आपोआप सांभाळून बोलते. आपण काचेमागे काय काय बोलायचो, आठव जरा. "ही आईच सगळ्याचं मूळ आहे" हे तिच्या तोंडावर म्हणालो असतो का?

क्लायंटची परवानगी घेतेस, फॉर्मवर सही घेतेस, ठीक आहे. पण काचेमागे कोण बसलंय, त्यांचे चेहरे सेशनआधी दाखवतेस का? निदान आत जाऊन नमस्कार तरी कर.

मला काळजी वेगळीच आहे. तू पूर्वी शांत बसू शकायचीस. हल्ली फोनवरसुद्धा माझं वाक्य तूच पुरं करतेस. दिवसाला किती सेशन बघतेस? जेवतेस कधी?

ती मुलगी सेशननंतर जिन्यात रडत होती म्हणालीस. तिच्याशी बोललीस का? नसशील, तर हे पत्र ठेव आणि आधी तिला फोन कर.

तुझी,
मावशी