खोट्या अर्थाचा डाव

बिनबुडाचे विधान गंभीर चेहऱ्याने मांडण्याची विद्या वकिलास उपजतच असते, असा आमच्या घरातील मुलांचा समज आहे. तो सर्वस्वी खोटा असल्याचे शपथेवर सांगणे आम्हांस कठीण. म्हणूनच गेल्या चतुर्थीला बेळगावच्या जुन्या घरी आरती आटोपल्यावर पुतणीने शब्दकोशाचा खेळ मांडला, तेव्हा प्रथम आम्हांलाच ओढून बसवण्यात आले.

खेळ इंग्रजी वळणाचा. एकाने कोशातून कोणासही ठाऊक नसलेला शब्द काढावा; बाकीच्यांनी त्याचा मनगढंत अर्थ चिठ्ठीवर लिहावा; खरा अर्थ त्यांत मिसळून सर्व चिठ्ठ्या वाचाव्यात आणि ज्याने त्याने खरा ओळखावा. आपल्या थापेला जितके फसतील तितके आपले गुण. १९८४ साली कॅनडात 'बाल्डरडॅश' नावाने हाच खेळ पेटीत घालून विक्रीस आला. आम्हांस पेटी नको होती. दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' कपाटात होता.

या खेळात कल्पकता फारशी उपयोगी पडत नाही, हे नवख्यांस कळत नाही. रंगतदार थाप तत्काळ पकडली जाते. रुक्ष थाप खपते. १९३४ च्या वेब्स्टर कोशात 'डॉर्ड' म्हणजे घनता, असा एक शब्द छापला गेला. असा शब्दच नव्हता. 'डी' या अक्षराच्या संक्षेपाची चिठ्ठी चुकून शब्दांच्या गठ्ठ्यात गेली होती, आणि ही चूक १९३९ पर्यंत संपादकांच्याही ध्यानात आली नाही. कोशाचा पोशाख चढला की कोण विचारतो!

पुतणीने शब्द काढला, 'वैल'. आम्ही लिहिले : '(को.) खरेदीखताच्या समासात साक्षीदारांच्या निशाणीसाठी सोडलेली कोरी जागा.' कोकणचा तो संक्षेप मुद्दाम घातला. सातांपैकी पाच जण फसले. खऱ्या अर्थास एकही मत पडले नाही : चुलीस लागून असलेली, तिच्याच जाळावर चालणारी लहान चूल.

कोपऱ्यात वाती वळीत बसलेल्या आमच्या आत्याने मान वर केली.

"अरे, वैलावरचं दूध पिऊन मोठा झालास तू. तूसुद्धा विसरलास?"

आम्ही खरोखरच विसरलो होतो. मग एकदम आठवले : चुलीवर भाताचे आधण, शेजारी वैलावर मंद तापणारे दूध, त्यावरची धुराचा वास असलेली साय. गॅस आला तेव्हा ती चूल फोडून तेथे फरशी बसवली. हल्ली त्या जागी फ्रीज आहे.

"तू काय लिहिलं होतंस?" आत्याने विचारले. आम्ही चिठ्ठी वाचली. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "असेलही बाबा. कोर्टात तसा अर्थ असेल. आम्हांला काय कळणार?"

"नाही गं आत्या, ते मी रचलं. खरा अर्थ तुझाच."

तिने पुन्हा वातीला हात घातला. आमचे ऐकून तिची खात्री पटली की नाही, ते कळले नाही. पुतणीने मात्र नियमानुसार आमच्या नावापुढे पाच गुण मांडले.