कुंचला थोर की छिन्नी?

भांडण बघायचं तर परक्यांचं बघू नये, भावाभावांचं बघावं. परक्यांच्या भांडणात दोन शब्द होतात आणि माणसं आपापल्या वाटेला लागतात. भावकीच्या भांडणात बांधावरच्या एका बाभळीपायी तीन पिढ्यांचे वकील पोसले जातात. चित्रकला आणि शिल्पकला यांचं युरोपातलं भांडण हे असं भावकीतलं आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या इटलीत ते चांगलंच रंगलं. 'पारागोने', म्हणजे तुलना, असं त्याला भारदस्त नाव आहे. पण नाव भारदस्त असलं म्हणून भांडण काही भारदस्त होत नाही.

यात सर्वांत झोंबरं लिहिलं ते लिओनार्दो दा विंचीने. त्याच्या मते शिल्पकार म्हणजे घामाने निथळणारा, संगमरवराच्या भुकटीने माखून बेकरीवाल्यासारखा दिसणारा माणूस. घरभर दगडाच्या कपच्या. उलट चित्रकार चांगले कपडे घालून निवांत बसतो, हलकासा कुंचला फिरवतो, शेजारी कोणी गात असतं किंवा वाचून दाखवत असतं. बसून करायच्या कामाची इतकी उघड तरफदारी वाचून माझ्यासारख्या जन्मभर खुर्ची झिजवलेल्याला अगदी भरून येतं.

मात्र हे वर्णन मायकेलअँजेलोसमोर वाचायची सोय नव्हती. तो स्वतःला शिल्पकार म्हणवायचा. पोपने त्याला सिस्टाइन चॅपेलचं छत रंगवायला लावलं. १५०८ ते १५१२ या काळात तो परांचीवर उभा, मान मागे पडलेली आणि रंगाचे ओघळ तोंडावर! आपण चित्रकार नव्हेच, असं त्याने कवितेत लिहून ठेवलं. गाणंबिणं कुठलं!

१५४७ साली फ्लॉरेन्सच्या बेनेदेत्तो वार्की नावाच्या विद्वानाने कलावंतांनाच विचारलं, दोहोंत श्रेष्ठ कोण? घर कोणामुळे चालतं, असं सासू-सुनेला एकाच वेळी विचारण्यापैकीच हे. बहुतेकांची उत्तरं अर्थातच आपापल्या धंद्याच्या बाजूने आली. चेल्लिनी या शिल्पकाराने तर गणितच मांडलं. मूर्ती आठ बाजूंनी बघतात, आठही बाजू सारख्याच चांगल्या उतराव्या लागतात, सबब शिल्पकला सातपट श्रेष्ठ! आठाचे सात कसे झाले? बहुधा चित्रालाही एक बाजू असते, तेवढी त्याने मोठ्या मनाने वजा धरली असावी.

चित्रकार तरी गप्प कसे बसतील? ब्राँझिनोने ड्यूक कोझिमो दे मेदिचीच्या दरबारातल्या मोर्गान्ते नावाच्या बुटक्याचं चित्र काढलं, तेही कापडाच्या दोन्ही अंगांना. एकीकडे समोरून, दुसरीकडे पाठमोरा. शिवाय समोरून बघावं तर स्वारी पाखरांच्या शिकारीला निघालेली, मागून बघावं तर शिकार घेऊन परतलेली. म्हणजे बाजूंबरोबर वेळही सरकला. दगडाला हे कुठून जमणार? उत्तर बिनतोड होतं. फक्त चित्र टांगायचं कसं, ही भिंतीची पंचाईत. आणि या थोरामोठ्यांच्या वादात त्या बिचाऱ्या मोर्गान्तेला मात्र दोन्ही बाजूंनी उघडं उभं राहावं लागलं. त्याचं मत वार्कीनेही विचारलं नाही.

खुद्द मायकेलअँजेलोने वार्कीला कळवलं ते असं: दोन्ही कला एकाच बुद्धीतून निघतात, तेव्हा समेट करून टाका, या वादाला मूर्ती घडवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. घरातल्या वडीलधाऱ्याने बोलावं तसं तो बोलला, आणि वडीलधाऱ्यांचं ऐकतात तितपतच त्याचं ऐकलं गेलं. १५६४ साली तो वारला, तर अंत्यविधीच्या सजावटीत कोणत्या कलेला मानाची जागा, यावरून पुन्हा जुंपली. चेल्लिनी तिकडे फिरकलाच नाही. फ्लॉरेन्सला सांता क्रोचे चर्चमध्ये मायकेलअँजेलोच्या समाधीवर तीन बायका शोक करीत बसल्या आहेत: चित्रकला, शिल्पकला आणि वास्तुकला. तिघीही दगडाच्या. चित्रकलेलाच दगडाची करून सोडली, यापरता शिल्पकारांचा विजय कोणता?

स्पेनमध्ये मामला पोटापाण्याचा होता. तिथे लाकडी मूर्ती एकाने कोरायची आणि दुसऱ्याने रंगवायची, असा कारागिरांच्या संघांचा दंडक. सेव्हिलच्या मोन्तान्येसने कोरण्याबरोबर रंगाचंही कंत्राट घेतलं, तेव्हा त्याच्या मूर्ती रंगवणारा पाचेको खवळला आणि १६२२ साली त्याने चक्क पत्रक काढलं. या पाचेकोचा जावई म्हणजे थोर चित्रकार वेलास्केझ. १६३५च्या सुमारास मोन्तान्येस राजाचं डोकं मातीत घडवायला माद्रिदला आला, तेव्हा जावयाने त्याचं चित्र काढलं. ते प्रादो संग्रहालयात आहे. शिल्पकाराचा चेहरा कसा जिवंत, नजर रोखलेली. आणि तो घडवतोय ते शिल्प? चार रेघोट्यांत उरकलेलं. जाणकार याची कारणं काहीही सांगोत, मला त्यात सासरेबुवांचा मान राखलेला दिसतो.

शिल्पकारांचा हुकमी एक्का म्हणजे टिकाऊपणा. कापड कुजतं, दगड राहतो. आता हे ऐका. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सला रोमच्या बर्निनीकडून अर्धपुतळा करून हवा होता. राजा थोडाच रोमला जाऊन बसणार? तेव्हा १६३५-३६ मध्ये व्हॅन डाइकने राजाचे तीन चेहरे एकाच कापडावर रंगवून दिले: समोरून, बाजूने आणि तिरका. त्यावरून बर्निनीने संगमरवर घडवला. पुतळा लंडनला पोचला आणि १६९८ साली व्हाइटहॉल राजवाड्याच्या आगीत गेला. खुद्द राजाचं डोकं १६४९ सालीच उडवलं गेलं होतं. डोकं गेलं, दगडही गेला. रोममध्ये मागे राहिलेलं नमुन्याचं कापड तेवढं शाबूत! ते आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे.

तरी शिल्पकारांचा एक मुद्दा उरतोच: मूर्ती हातांनीही बघता येते. १६१५-१६च्या सुमारास रिबेराने एक चित्र काढलं. ते कॅलिफोर्नियात पॅसाडेनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. एक आंधळा म्हातारा दगडी मस्तक चाचपतो आहे आणि टेबलावर एक चित्र नुसतंच पडलं आहे. चष्म्याचा नंबर वर्षावर्षाला वाढवणाऱ्या मला हे चित्र जरा जास्तच लागतं. एक चित्रकार उभा राहून आपल्याच कलेविरुद्ध साक्ष देतो आहे, की डोळे गेले की माझं काम संपलं, याचं चालू राहील. एवढ्या मोठ्या भाऊबंदकीत इतका खुल्या दिलाचा भाऊ मला दुसरा आढळला नाही. आता ही साक्ष द्यायलाही कुंचलाच लागला, हे खरं. आणि संग्रहालयात पुतळ्यांना हात लावायची बंदी, त्यामुळे आपण डोळस माणसं दगडसुद्धा नुसता बघूनच परत येतो, हेही खरं.

निवाडा करायचाच तर त्या म्हाताऱ्याला विचारावा. पण तो काही एवढ्यात मान वर करायचा नाही. त्याचं अजून चाचपून झालेलं नाही.