पॅरिसची हजार पानं

लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिने पॅरिसला राहून आले. आयफेल टॉवर पाहिला, सेन नदीतून बोटीनं फिरले. पण मैत्रिणींनो, माझा जीव रमला तो मोंतोर्गय रस्त्यावर. भाजी, मासळी, फुलं, चीज यांच्या दुकानांनी गजबजलेला हा रस्ता थेट आपल्या मंडईची आठवण करून देतो. तिथं ‘स्तोरेर’ नावाचं मिठाईचं दुकान आहे. पंधराव्या लुईच्या राणीच्या पदरी असलेल्या आचाऱ्यानं ते १७३० साली काढलं, आणि अजून चालू आहे!

तिथंच मी ‘मिल्फय’ खाल्लं. मिल्फय म्हणजे हजार पानं. तीन कुरकुरीत थर आणि त्यांच्यामध्ये घट्ट, पिवळसर क्रीम. पहिल्याच घासाला वाटलं, अगंबाई, ही तर आपली खारी! फक्त लोण्यातली आणि गोड.

मैद्याच्या पोळीत लोण्याची वडी गुंडाळून लाटायचं, तीनपदरी घडी घालायची, पुन्हा लाटायचं. असं सहा वेळा केलं की लोण्याचे ७२९ थर होतात. भट्टीत पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रे सुटे होऊन फुलतात. चिरोट्यात साटा जे काम करतो, तेच इथं लोणी करतं.

“हे घरी करायचं म्हणजे अख्खा दिवस मोडला,” मी म्हटलं. लेक हसली आणि मला शेजारच्या म्हाताऱ्या मादामकडे घेऊन गेली. त्यांनी फ्रिजमधून तयार पिठाची गुंडाळी काढली, चक्क विकतची! माझा चेहरा त्यांना कळला असावा. म्हणाल्या, “सगळंच करत बसले तर पाहुण्यांशी बोलू कधी?”

त्यांची रीत अशी: २३० ग्रॅमची पोळी पसरून काट्यानं टोचे मारायचे. वर बटरपेपर आणि दुसरा ट्रे ठेवायचा, म्हणजे ती वेडीवाकडी फुगत नाही. २०० अंशांवर २० ते २५ मिनिटं तांबूस भाजायची. गार झाल्यावर कडा काढून तीन सारख्या पट्ट्या कापायच्या. क्रीमसाठी २ अंड्यांचा पिवळा बलक, ५० ग्रॅम साखर आणि २५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर फेटून त्यात पाव लिटर गरम दूध हळूहळू ओतायचं. मग मंद आचेवर ढवळत घट्ट करायचं, व्हॅनिला घालून गार करायचं. पट्टी, क्रीम, पट्टी, क्रीम, पट्टी अशी रचना करून वर पिठीसाखर भुरभुरवायची. पावाच्या दातेरी सुरीनं कापायचं आणि त्याच दिवशी संपवायचं, नाहीतर पापुद्रे मऊ पडतात.

अंडं चालत नसेल तर पाव लिटर दुधाला ३ मोठे चमचे कस्टर्ड पावडर घ्या. तयार पीठ मिळत नसेल, तर पॅटिस करणाऱ्या ओळखीच्या बेकरीवाल्याला कच्ची लाटी मागून पाहा.

त्या संध्याकाळी बशी पुढे घेऊन लेक हळूच म्हणाली, “आई, तुझ्यासारखे चिरोटे जमणार नाहीत, म्हणून मी इतक्या दिवाळ्यांत कधी केलेच नाहीत.”

घास घशातच अडकला. तिच्या लहानपणी, एकही चिरोटा फसला तर तो पाहुण्यांसमोर मी येऊ देत नसे. “असले लोकांपुढे ठेवतात का?” हे माझंच वाक्य. तिनं ते एवढं मनाला लावून घेतलं असेल, हे मला ठाऊकच नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी बाळ झोपल्यावर तिनं आपणहून मैदा भिजवला. पहिले चार चिरोटे चप्पट राहिले. मी एक शब्द बोलले नाही. पाचव्याचे पापुद्रे सुटले, तशी ती लहान मुलीसारखी टाळ्या पिटत ओरडली.

मादामना द्यायच्या डब्यात आम्ही ते चार चप्पट चिरोटेसुद्धा भरले.