पाव किलो तिकिटं

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. अशाच एका रविवारी मी तिथे पोस्टाची तिकिटं वजनावर घेतली, अडीचशे रुपयांना पाव किलो. विकणारे काका गोणीत हात घालून मुठीमुठीने तराजूत टाकत होते. काटा स्थिरावल्यावर त्यांनी वर आणखी एक मूठ घातली, शेंगदाणेवाला घालतो तशी.

त्याआधी महिनाभर एका दुकानातून 'शंभर देशांची शंभर तिकिटं' असं चकचकीत पाकीट आणलं होतं. हंगेरी, पूर्व जर्मनी, फुजैरा, अजमान. फुलपाखरं, अवकाशयानं, ऑलिंपिकचे धावपटू. शंभर रुपयांत जग हातात आल्यासारखं वाटलं. पण प्रत्येक तिकिटाच्या कोपऱ्यात शिक्का अगदी एकसारखा, नेमका पाव गोल, आणि पाठीवर गोंद जसाच्या तसा. काकांना एक दाखवलं. त्यांनी उलटं करून पाठीवरून बोट फिरवलं. "ताई, हे कुठल्या पत्राला चिकटलंच नाही. छापखान्यातच शिक्का मारून संग्राहकांसाठी विकायला काढलेलं आहे." सुरुवात करणाऱ्याने असं पाकीट मुळीच घेऊ नये, असं मी म्हणणार नाही. चित्रं सुंदर असतात, मुलं त्यावर नकाशा शिकतात. मला मात्र प्रवास केलेली तिकिटं हवी होती.

गोणीतला माल 'कागदासकट' होता, म्हणजे पाकिटाचा तिकिटाकडचा कोपराच कापून ठेवलेला. संग्राहक त्याला किलोवेअर म्हणतात. स्वस्त असतो, कारण सोडवायचं काम घेणाऱ्याचं.

ते काम मी आईच्या स्वयंपाकघरात केलं. परातीत कोमट पाणी, त्यात तिकिटं चित्र खाली करून सोडायची. वीस मिनिटांत गोंद विरघळतो आणि तिकीट आपसूक कागदापासून सुटतं. घाईने ओढलं तर मागचा पापुद्रा निघतो, मग ते पातळ झालेलं तिकीट उजेडात धरलं की लगेच कळतं. पहिल्याच दिवशी एक लाल पाकिटाचा तुकडा इतरांबरोबर पडला. त्याचा रंग पाण्यात उतरला आणि पंधरा-वीस तिकिटं गुलाबी झाली. त्यांतली दोन चांगली होती. अजून हळहळ वाटते. तेव्हापासून रंगीत कागद वेगळ्या वाडग्यात. अमेरिकेची अलीकडची तिकिटं तर मागे स्टिकरसारखी असतात, पाण्याला दाद देत नाहीत. ती भोवती थोडा कागद ठेवून कापायची आणि तशीच जपायची. सुटलेली तिकिटं सुती पंच्यावर पालथी वाळवायची, मग जाड शब्दकोशाखाली दोन दिवस. बोटांचं तेल लागू नये म्हणून चिमट्याशिवाय उचलायची नाहीत.

हजारावर तिकिटं निघाली, पण त्यांत रोजच्या वापरातलीच भरमसाट. रुपयाच्या तिकिटावरचा कापूस एकटाच साठ-सत्तर वेळा आला. आई म्हणाली, "एक ठेव, बाकीची कशाला?" मला तर ती सगळीच ठेवावीशी वाटली. साठ सारखी तिकिटं शेजारी मांडल्यावर ती सारखी नसतात हे दिसायला लागतं. एकाची छपाई फिकट, एकाची गडद. कडेच्या दात्यांना पट्टी लावली, दोन सेंटिमीटरमध्ये किती दाते ते मोजलं, तर तिथेही फरक. भारताची तिकिटं १९२६ पासून नाशिकरोडला छापली जाऊ लागली, त्याआधी बरीच वर्षं ती लंडनहून येत. नाशिकरोडच्या त्या छपाईतले बारकावे मला महागड्या दुर्मीळ तिकिटाने दाखवले नसते. तेवढी दुर्मीळ तिकिटं साठ कोण घेणार?

आणि शिक्के! कणकवली, सांगोला, परतूर, अचलपूर. ज्या गावी मी कधी गेले नाही तिथल्या एखाद्या कर्मचाऱ्याने कधीतरी हात उचलून ठप्पा मारला होता. माझ्या एका स्टॉकबुकात आता फक्त गावं आहेत. देश आणि विषय दुसऱ्या वहीत.

तळाशी एक छोटं लाल तिकीट सापडलं. पाच पैशांचं, कुटुंब नियोजनाचं, आणि वर काळ्या शाईत 'रेफ्युजी रिलीफ' छापलेलं. मी ते बाजूला ठेवणार, तेवढ्यात आई चष्मा लावून वाकली.

"अगं, हे आम्ही प्रत्येक पाकिटाला लावायचो. बांगलादेशाच्या वेळी. नेहमीच्या तिकिटाशेजारी हे पाच पैशांचं जादा. लावलं नाही तर पत्र घेणाऱ्याला भुर्दंड."

पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर हा अधिभार होता, हे मला वाचून माहीत होतं. आई कोणाला पत्रं लिहायची, ते मात्र त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. मावशीला, महिन्यातून दोनदा, आणि प्रत्येक वेळी पाच पैसे वेगळे काढून. बाजारात या तिकिटाला फारसा भाव नाही, लाखांनी छापलेलं आहे.

शिक्का अर्धाच उमटला होता. शेवटचं 'गाव' तेवढं लागत होतं. मी म्हटलं, चाळीसगाव असेल, नाहीतर मालेगाव.

"तासगाव," आई म्हणाली आणि चिमटा माझ्या हातातून घेतला.